पाच रकाने आणि सहावी बाटली

सालमिया, कुवेत
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९१

ती. स्व. विश्वासमामांना परीक्षितचा साष्टांग नमस्कार (हातापायांची काजळी साबणाने तीनदा धुऊन मग घातलेला, तेव्हा ओटीवरच्या फरशीला काही होणार नाही). सौ. नीलामामींनाही तसाच, पण त्या मध्येच उठवून पोह्यांची बशी हातात देतील हे गृहीत धरून थोडा आखूड. तुमचा गुडघा काय म्हणतो? द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी वेळेवर झाली का? अनाबशाहीच्या त्या जुन्या ओळी अजून ठेवल्या आहेत, की थॉमसनच्या मोहात पडून काढल्या? मी इथे खुशाल आहे. परवा इथली शेवटची जळती तेलविहीर विझली. (मी विझवली नाही. मी दाब मोजायची यंत्रं बसवतो. पण पिंपळगावात काय सांगायचं ते मामींनी ठरवावं.) जूनमध्ये परत आल्यापासून आज भर दुपारी सूर्य स्वच्छ दिसला, आणि हा कोण हे ओळखायला मला थोडा वेळ लागला.

तुमचं दसऱ्याचं पत्र मिळालं. निफाडच्या निर्यातदारांची कन्या चि. सुहासिनी हिच्या बाबतीत पाचही रकाने भरले आहेत, एकही शेरा प्रतिकूल नाही, आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत मी तारेने ‘होय’ कळवावं, असं तुम्ही लिहिलं आहे. मामा, या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे. मी टाळत नाहीये. फक्त ते उत्तर नीट समजायला आधी एका फ्रेंच माणसाच्या मुलीच्या लग्नाची हकीगत ऐकावी लागेल, आणि त्या हकीगतीत अशी एक वस्तू आहे जिचं नाव तालुका दारूबंदी समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात घेणं बरं दिसत नाही. म्हणून मी तिला शक्यतो ‘जुना रस’ म्हणेन. मध्येच चुकून खरं नाव निघालं, तर तेवढ्यापुरता चष्मा काढून वाचा.

तुमच्या वहीची मला किती सवय झाली आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. मागच्या वर्षी इराकी फौजा घुसल्यावर कुवेत सोडून, अम्मानच्या तंबूत नऊ दिवस बिस्किटं खाऊन, अंगावरच्या एका शर्टानिशी मी मुंबईला उतरलो, तेव्हा विमानतळावर तुमचं पहिलं वाक्य, ‘आलास? बरं झालं, आता निवांत मुली बघता येतील’ हे होतं. मग सात महिने आपण निवांत होतो. तेवीस घरं, तेवीस वेळा कांदेपोहे. (एकविसाव्या घरी साबुदाण्याची खिचडी होती. मी त्या मुलीला जवळजवळ होकार दिला होता.) वहीत रकाने आखायचं काम माझ्याकडे होतं: गाव, घराणे, जन्मसाल, स्वभाव आणि शेरा. पसंत ठरलेली स्थळं माझ्यापर्यंत यायची. नापसंतांवर तुमच्या तांबड्या पेन्सिलीची काट बसायची आणि मुलीकडच्यांना जांभळ्या शाईतलं पोस्टकार्ड जायचं, कोपऱ्यात द्राक्षाच्या घडाचा शिक्का मारलेलं. ती कार्डं टपालपेटीत टाकायला मीच जायचो. वाचत नसे. आता वाटतं, वाचायला हवी होती.

तर फ्रेंच माणूस. त्यांचं नाव मुस्यू ब्रोसार. वय अठ्ठावन्न, पोट सन्माननीय, मिशा काजळीने कायमच्या काळ्या झालेल्या (मूळ रंग पासपोर्टवर बघावा लागतो). विहिरी विझवायला आलेल्या एका परदेशी तुकडीचे ते प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. जुलैमध्ये एकदा जेवणाच्या तंबूत फळं म्हणून द्राक्षं आली. मी एक तोंडात टाकलं आणि, तुम्ही मला ओळखताच, राहवलं नाही. म्हटलं, आमच्या मामांच्या बागेत असली द्राक्षं शेळ्यासुद्धा हुंगून सोडून देतात. मुस्यूंनी काटा खाली ठेवला. बाग किती? अकरा एकर. किती पिढ्या? दोन. मग त्यांनी विचारलं, की मामा द्राक्षांचं करतात काय. मी म्हटलं, विकतात आणि खातात. आणि उरलेल्यांचं? मी म्हटलं, बेदाणे. त्यांनी डोळा मिचकावून माझ्या पाठीवर अशी थाप मारली की जणू बेदाणे हा आपल्या घराण्याचा सांकेतिक शब्द असावा. मी खुलासा करणार होतो, पण तोंडात द्राक्ष होतं.

मुस्यू आहेत फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातले. तिथे द्राक्षाशिवाय काही पिकत नाही आणि भाऊबंदकी बारमाही पिकते. त्यांच्या मुलीचं लग्न अठ्ठावीस सप्टेंबरला ठरलेलं. लग्नातलं बाकी सगळं त्यांच्या बायकोकडे. मुलीच्या बापाकडे एकच काम, जेवणाचा जुना रस निवडणे. रस घ्यायचा गावाजवळच्या एका फार मोठ्या पेढीकडून, कारण ब्रोसारांचे चार भाऊ, दोन मेहुणे आणि एक आत्या असे सातही जण आपापल्या गावची द्राक्षं त्याच पेढीला घालतात. पेढी कुणाचा माल त्याच्या गावाच्या नावाने वेगळा बाटलीत भरते, कुणाचा एकत्र करते. आता आली का पंचाईत? मागे धाकट्या बहिणीच्या लग्नात मुस्यूंनी थोरल्या भावाच्या गावची वाइन निवडली, तर मधला भाऊ अक्षता… म्हणजे त्यांच्याकडे जे काही टाकतात ते न टाकताच उठून गेला. तो अजून बोलत नाही. या खेपेला तो आला नाही तर लेक चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणते, कारण काकाचा तिला फार लळा. शिवाय अडीच महिने धूर ओढून मुस्यूंचं नाक पार गेलेलं. चहा, मासळी, साबण, सगळ्याला डिझेलचाच वास. चाखून निवडायचं म्हटलं तरी या देशात थेंब मिळत नाही, आणि मिळाला असता तरी कळला नसता.

एवढं सांगून त्यांनी एक जाडजूड सूचिपत्र माझ्या हातात ठेवलं. एकशे बारा प्रकार. त्यातून उत्तमांतले उत्तम सहा मी निवडायचे, म्हणजे सातही नातेवाइकांना सांगता येईल की आमचा काही संबंध नाही, हिंदुस्थानातल्या एका त्रयस्थ द्राक्षतज्ज्ञाने निवाडा दिला. मामा, मी हयातीत उसाच्या रसाच्या पुढे गेलेलो नाही. तसं मी सांगितलंही. त्यांना तो विनय वाटला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असेल, पण मी हो म्हणून बसलो.

सूचिपत्र घेऊन मी शुक्रवारी इथल्या डॉक्टर विजयरावांकडे गेलो. ते भूलतज्ज्ञ आहेत. त्यांच्या शीलावहिनी दर शुक्रवारी सालमियातल्या दहा-बारा मराठी माणसांना वरणभात घालतात. पुस्तक सतरंजीवर उघडलं आणि सगळे भोवती बसले. पहिल्याच पानावर मला घाम फुटला आणि दुसऱ्या पानावर तो सुकला, कारण मामा, ती तुमची वही होती! डिट्टो! प्रत्येक बाटलीचं गाव दिलेलं. घराणं दिलेलं: अख्ख्या प्रांतात मुख्य कुळं दोनच, काळ्यांचं पिनो आणि गोऱ्यांचं शार्दोने, आणि त्यांत डोंगराच्या कमरेवरचे ते खानदानी, पायथ्याचे ते साधारण, अशा चार पायऱ्या. जन्मसाल दिलेलं, वर पंच्याऐंशीचा जन्म शुभ, चौऱ्याऐंशीचा जरा अशुभ, अशी टीपसुद्धा. आणि स्वभाव! मुस्यूंनी मला तोंडी भाषांतर करून दिलं होतं, ते मी वाचून दाखवलं. ‘तरुणपणी कठोर.’ ‘खांदे रुंद, वागणं सरळ.’ ‘सुरुवातीला अबोल, दहा वर्षांनी खुलेल.’ यावर शीलावहिनी विजयरावांकडे बघून म्हणाल्या की आमच्याकडे अठरा वर्षं झाली, अजून वाट बघतेय. विजयरावांनी पान उलटलं.

मी तिथल्या तिथे पट्टी घेऊन पाच रकाने आखले. आमच्या या निवड समितीचं काम तीन शुक्रवार चाललं. तुमचे सगळे नियम मी काटेकोर पाळले. गाव नामांकित हवं, म्हणून चौतीस बाद. चौऱ्याऐंशी आणि सत्त्याऐंशी सालचे पत्रिका जुळेना म्हणून बाद. स्वभावात ‘चंचल’ लिहिलेले दोन बाद, ‘सगळ्यांशी मिळतं घेणारा’ यावर वाद, कारण शीलावहिनींच्या मते मुलगा असा असणं म्हणजे धोकाच. एकाच्या स्वभावात ‘पावसात भिजलेल्या कुत्र्याचा मंद गंध’ असं होतं. असल्या वासाला लोक पैसे देतात यावर वहिनींचा विश्वास बसेना, आणि घरचं बाहेर बोलणार नाही हा मामींना दिलेला शब्द विसरून मी म्हणालो की मामींच्या चुलतबहिणीच्या जावयाचंही तसंच आहे, पण गाव चांगलं म्हणून केलाच ना.

इथे एका व्यक्तीचा उल्लेख करायला हवा. कु. सुखदा म्हणून एक नर्स त्या शुक्रवारांना येत असे. इथल्या एका इस्पितळात ती लहान मुलांच्या वॉर्डात आहे. मागच्या वर्षी आम्ही सगळे पळालो तेव्हा ही पळाली नव्हती. इराकी ताब्याचे सातही महिने इथेच होती, कारण, तिच्या शब्दांत, ‘लेकरं सोडून कुठं जाऊ?’ ती लातूरकडची आहे. निदान बोलणं तिकडचं आहे. ती कोपऱ्यात लसूण सोलत बसायची आणि आमच्या रकान्यांकडे अशी बघायची, की जणू आम्ही पुड्याच्या कागदावर औषध लिहून देतोय. मी तिला तुमच्या पद्धतीचं महत्त्व सविस्तर समजावून सांगितलं. पिंपळगाव, वही, तांबडी पेन्सिल, जांभळी शाई, सगळं. तिने एकदाच मान वर करून विचारलं, की द्राक्षाच्या घडाचा शिक्कापण असतो का. मी म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, अंदाज. मामा, मला त्याच वेळी संशय यायला हवा होता, पण मी तेव्हा शहाऐंशी सालच्या एका गोऱ्याच्या घराण्यात अडकलो होतो.

याच सुखदाने आमचा जीव वाचवला. झालं असं, की सूचिपत्र घेऊन मला राई नावाच्या वस्तीतल्या मुस्यूंच्या गोदामावर जायचं होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर द्राक्षबागा, आत पानोपानी बाटल्यांची रंगीत चित्रं आणि वाटेत तपासणीची चौकी. मी खबरदारी म्हणून त्याला खाकी कव्हर घालून वर ‘द्राक्षबाग: छाटणी व खते’ असं सुवाच्य मराठीत लिहिलं होतं. (मराठी न येणाऱ्या शिपायावर याचा काय परिणाम होईल, हा विचार मी केला नव्हता.) गाडी आमच्या केरळी ड्रायव्हर अशरफची, मागे सुखदा, तिला पुढे इस्पितळात उतरायचं होतं. शिपायाने पुस्तक मागितलं. मी घाईघाईने ते पुढे केलं आणि कव्हर माझ्याच हातात राहिलं. अशरफने मल्याळममध्ये देवाचा धावा सुरू केला. मला अरबीतला एकच उपयोगी शब्द सुचला, तोही तुमच्याच बागेतला, ‘द्राक्ष’ या अर्थाचा: अनाब! अनाब! शिपायाने आधी बागांच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात मागून सुखदा शांतपणे अरबीत बोलू लागली. ही भाषा ती वॉर्डातल्या आयांकडून शिकली आहे, त्यामुळे तिच्या अरबीत निम्मं वाक्य दटावणीचं असतं. नंतर कळलं, ती सांगत होती की हा बिचारा द्राक्षं पिकवणाऱ्या घरातला आहे, मामाची आठवण काढून रोज रडतो, म्हणून बागांची चित्रं जवळ ठेवतो, आणि तुम्ही थोरामोठ्यांनी असं ओरडू नये. शिपायाने मला पुस्तक परत दिलं. वर खिशातून एक खजूर दिला. मी खरोखरच रडत होतो, त्यामुळे तिचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मुस्यूंच्या नाकाचा बंदोबस्तही तिनेच केला. एका शुक्रवारी ते स्वतः वहिनींकडे जेवायला आले. सुखदाने एका ताटात लवंग, ओली माती, व्हॅनिलाचा अर्क, विजयरावांची चामडी चप्पल आणि एक पेला व्हिम्टो (इथलं जांभळं सरबत) असे सूचिपत्रातले सगळे गंध मांडले आणि मुस्यूंचे डोळे बांधून हुंगायला लावले. त्यांनी पाचहीला डिझेल म्हटलं. मग तिने वहिनींची चिनी मातीची किटली घेतली, कोमट मिठाचं पाणी भरलं आणि आपल्याकडे शिबिरात शिकवतात तशी जलनेती सुरू केली. एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं हे मुस्यूंना आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते फ्रेंचमध्ये काय काय बोलले ते बरं झालं मला कळत नाही. दुसऱ्या शुक्रवारी निघालेलं पाणी शाईसारखं होतं. पण चौथ्या शुक्रवारी, बेसिनवर वाकलेले असतानाच, वहिनींनी आमटीला फोडणी घातली आणि मुस्यू एकदम ताठ उभे राहिले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, लसूण! आणि त्यांनी वहिनींचे दोन्ही हात धरून त्यांवर ओठ टेकवले. विजयराव त्या दिवशी पहिल्यांदा खुलले. म्हणाले, पुरे.

नाक परत आलं तरी हुंगायला रस कुठे होता? यादी कागदावरच करायची होती. तुमच्या पद्धतीने पाच नावं निघाली, एकाहून एक खानदानी, पाचही डोंगराच्या कमरेवरची. सहावं जमेना. ऑगस्ट संपत आला, फॅक्स दुसऱ्या दिवशी जायला हवा, आणि समितीत सहाव्या जागेसाठी एवढी भांडणं झाली की वहिनींनी वरण वाढायचं थांबवलं. तेव्हा सुखदाने लसणाचे हात पुसले, पुस्तक ओढून घेतलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. शेवटून दुसरी बाटली. गाव: लिहिलेलं नाही. घराणं: नुसतं ‘बरगंडी’. जन्मसाल: अठ्ठ्याऐंशी. स्वभाव: ‘कशाहीबरोबर चालते.’ किंमत सगळ्यांत कमी. मी तिला समजावलं, की अहो, गावच निश्चित नसेल तर स्थळ विचारात घेता येत नाही, हा तर मामांचा पहिला नियम. तिने विचारलं, गाव का नाही लिहिलं? मी मुस्यूंचं भाषांतर काढून वाचलं: पेढी ज्या ज्या गावांतून द्राक्षं घेते, त्या सगळ्यांचा रस यात एकत्र केलेला असतो. यावर ती म्हणाली, ‘मग यावरनं कामून भांडतेत? सगळ्याचंच हाय की त्यात.’ मला ते पटलं नाही. पण खजुराची आठवण होती, म्हणून मी मुकाट्याने लिहिलं. शेरा रिकामा सोडला.

मुस्यू ऑक्टोबरात परतले ते फोटोंचं पाकीट घेऊन. लग्न झालं, मधला भाऊ आला होता. आता ऐका. आपल्या पाच खानदानी बाटल्या उघडल्या, आणि मंडळी पेला नाकाशी धरून खोट काढू लागली. एकाच्या गावची थोरल्याला आंबट लागली, दुसऱ्याची आत्याबाईंना पाणचट. तिसरी इतकी गंभीर निघाली की लोक हलक्या आवाजात बोलायला लागले, मयताला आल्यासारखे. चौथ्या बाटलीपर्यंत मधला भाऊ टोपी शोधू लागला आणि नवरी रडू लागली. तेवढ्यात वाढप्याने सहावी फिरवली. मधल्याने घोट घेतला, भुवया वर केल्या आणि म्हणाला, यात माझी द्राक्षं आहेत. थोरला म्हणाला, माझी आहेत. आत्या म्हणाल्या, दोघांचीही असतील, पण चव माझ्यामुळे आली. नावं ठेवायची सोयच राहिली नाही, कारण ज्याने नावं ठेवावी त्याचाच माल! फोटोत सात जण एकमेकांच्या गळ्यात पडून गाताहेत आणि टोपी नवरीच्या डोक्यावर आहे. पाच खानदानी बाटल्या मागे अर्ध्या भरलेल्या दिसतात. सहावीची सगळी खोकी रिकामी.

ही हकीगत मी सुखदाला सांगायला गेलो, तेव्हा काय झालं ते जागेअभावी खाली लिहितो. प्रकृतीला जपा. गुडघ्याला तेल लावत जा. पत्र मोठ्याने वाचू नका, निदान पुढचं तरी.

आपला आज्ञाधारक (एक अपवाद सोडून) भाचा,
परीक्षित

ता. क. चि. सुहासिनीबद्दल तार करत नाही. ती मुलगी चांगलीच असणार, पाच रकाने खोटं कशाला बोलतील? पण मी तिला होय म्हणू शकत नाही. निफाडकरांना तुम्ही कार्ड पाठवाल तेव्हा सगळा दोष माझ्या स्वभावाच्या रकान्यात टाका.

ता. क. दुसरा. मी सुखदाला फोटो दाखवले. ती हसली. मग मी, मुस्यूंसारखं नाक नव्हे पण धीर गोळा करून, विचारायचं ते विचारलं. उत्तर म्हणून तिने पेटी उघडली आणि एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. जांभळी शाई, द्राक्षाचा घड, तारीख जानेवारी ९१. तिच्या काकांच्या नावाने. ‘मुलीचे वडील बदलीच्या नोकरीत वारले, आई माहेरी उदगीरला, शिक्षण वसतिगृहात. गाव निश्चित नसल्याने स्थळ विचारात घेता येत नाही. कळावे.’ मामा, ती इथे युद्धात लहान मुलांना ब्लँकेटं गुंडाळत होती, आणि तिला नकाराचं ते कार्ड लाल डब्यात मी माझ्या हाताने टाकलं होतं. त्या दिवशी शिक्क्याबद्दल विचारताना तिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग तीच बाटली का निवडलीत? तर म्हणाली, ‘जिचं गाव लिवलेलं नाही, तिचं काय होतंय ते मला बघायचं होतं.’ मला तिथे उभं राहवेना. फार लाज वाटली. आणि मामा, ही मुलगी मला इतकी आवडते की सांगायला लागलो तर आणखी एक पत्र लागेल. तुमच्या वहीत पान त्रेचाळीसच्या आसपास ती असेल. ती काट खोडा, तिचं होय त्यावरच अडलं आहे. माझ्या आईला तुमच्याशिवाय कुणाचं पटत नाही, म्हणून हे तुम्हालाच करावं लागेल. खोडरबराने तांबडी पेन्सिल नीट जात नाही, मी पाहिलं आहे. हवं तर पानच नवीन लावा, रकाने मी आखून देईन.

ता. क. तिसरा. मामी मागच्या महिन्यात चार दिवस ‘बहिणीकडे’ गेल्या होत्या ना? बहिणीकडे कुणी नव्हतं. मी त्यांना आधीच लिहिलं होतं, म्हणून त्या उदगीरला जाऊन आल्या. सुखदाच्या आईंच्या हातची ज्वारीची भाकरी त्यांना फार आवडली. त्यांना रागावू नका.

ता. क. चौथा आणि शेवटचा. सोबत लग्नाच्या भोजनपत्रिकेची झेरॉक्स जोडली आहे. रसांच्या नावांखाली फ्रेंचमध्ये जी ठळक ओळ आहे, तिचा अर्थ असा: ‘आजच्या सर्व वाइन हिंदुस्थानातले थोर वाइनतज्ज्ञ श्री. विश्वास, पिंपळगाव, जिल्हा नाशिक, यांच्या पद्धतीने निवडल्या आहेत.’ मी मुस्यूंना फक्त खरं काय ते सांगितलं होतं, छापतील असं वाटलं नव्हतं. मार्गशीर्षात लग्न ठरलं तर तुमच्या पाया पडायला ते जातीने येणार आहेत. दारूबंदी समितीत हे कळण्याचं काही कारण नाही, तुम्ही निश्चिंत असा. मूळ पत्रिका सुखदाकडे आहे. जुने कागद ती फार जपून ठेवते.